चौथी हाक

ता. ९, रविवार दुपार

दाजी,

ती पेटी परत घेऊन जा. सलाम मागून लिहिते, आधी पेटीचं.

काल गाडीवाला ती दारात टेकवून म्हणाला, "आजी, इथे सही करा." मी म्हटलं, "आधी बघू दे तरी काय आणलंयस." वरचं पोतं काढलं. गडद लाकूड, समोर काच, आत मखमल, बिजागऱ्या पितळी. आणि खालच्या पट्टीवर कोरलेलं, 'रक्तसाक्षी पत्नीच्या स्मरणार्थ, तिच्या पतीकडून.' पत्नी बारीक आणि पती जाड. कोरणाऱ्याचा हात कुठे जड पडतो ते म्हातारीच्या डोळ्यांनाही दिसतं.

गाडीवाल्याने विचारलं, कुठे ठेवू. मी म्हटलं, बाहेरच राहू दे, कोंबड्या बसतील. तो हसला. मी हसले नाही. सकाळपासून खरंच एक बसली आहे आत.

आता सलाम. तुम्हाला सप्रेम सलाम. तब्येत चांगली असेल अशी प्रार्थना करते, आणि ती मनापासून करते, कारण पुढच्या महिन्यात तुम्ही मला धडधाकट हवे आहात. माझं विचारलं होतंत. गुडघे गेले, कान शाबूत आहेत, जिभेची तुम्हाला कल्पना आहे. शाळेत मी फारशी गेले नाही, अक्षरं शिकले ती धुलाईघरातल्या चादरींच्या कोपऱ्यांवरच्या खुणा वाचून, तेव्हा चुकलंमाकलं तसंच वाचा. नातीकडून लिहवून घेतलं असतं, पण हे पत्र तिच्या हातून जायचं नाही.

आपली नात बरी आहे. इस्पितळात आता तिला बाळंतिणींच्या खोलीत लावलंय. आई गेल्यापासून जरा गप्प असते, पण जेवते. तुमचं पत्र आलं तेव्हा तिनेच मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी भिंतीला टेकून मोजे रफू करत होते.

"आजी, आजोबांनी किती छान लिहिलंय बघ. म्हणतात, वेदीचं वस्त्र त्या पेटीत मी स्वतःच्या हाताने ठेवीन. आणि लेक आता नाही, तर यंदा स्मरणदिवसाच्या हजेरीला मी उत्तर देईन. माझा तेवढा शेवटचा मान राहू द्या."

"कसला मान?"

"शेवटचा."

"पहिला कधी मिळाला होता?"

"आजी, तू ना त्यांच्यावर कायम गुरगुरतेस," ती म्हणाली. "म्हातारा माणूस आहे. बायको अशी गेली त्याची."

मी दोरा दाताने तोडला. इतकी वर्षं मी तेच करत आले आहे, दाजी. दोरे तोडत आले आहे.

पाळकसाहेबही येऊन गेले. नवे आहेत, दाढी अजून ठरवतेय उगवायचं की नाही. आमच्या दोन खोल्यांत वाकून शिरतात, उंच नसले तरी. तुम्ही मंडळीपुढे वाचायचं भाषण त्यांना पाठवलंत, ते त्यांनी मला दाखवलं. त्यात लिहिलंय की माझी बहीण 'सर्वांना क्षमा करत हसतमुखाने' गेली. मी विचारलं, हे यांना कुणी सांगितलं? पाळक म्हणाले, नवरा आहे, त्याला माहीत असणार. मी म्हटलं, नवरा तिथे होता का? ते गोंधळले. मग पेटी बाहेर का ठेवलीय ते विचारू लागले. थोडं बोलले मी, सगळं नाही. तर हळूच म्हणाले, "आजी, सूड घेणं देवाचं काम आहे."

मी म्हटलं, "देवाच्या मागे फार कामं आहेत. मी रिकामी बसलेय."

चहा न पिता गेले.

तर तुम्ही तिथे नव्हतात. भाषणात लिहिण्याआधी कुणीतरी तुम्हाला सांगायला हवं काय झालं ते, आणि सांगण्याजोगं आता एकच माणूस उरलंय. म्हणून लिहिते. वाचताना चष्मा काढू नका.

प्रार्थनेवर बंदी आली ते वर्ष. धुलाईघरात आम्हाला नावांनी कोणी हाक मारत नव्हतं, कामाने मारत. मुकादम सकाळी अंगणात उभा राहून ओरडायचा, "भट्टी!" की म्हातारी भट्टीवाली म्हणायची, हजर. "इस्त्री!" हजर. "नीळ!" हजर. "खळ!" की आमची अक्का, इतक्या बारीक आवाजात, की तो दोनदा ओरडायचा. मी घड्या घालायचे, पण रोजावर, म्हणून माझी हाक नव्हती. अक्काचा आवाज तुमच्या घरात जास्त बारीक होता. कांदे कोणते आणू हेसुद्धा तुम्हाला विचारून आणायची. तुम्ही ताटावरून उठेपर्यंत बसायची नाही. तुम्हाला वाटायचं, हीच ती सगळी.

वाफेच्या दिवशी भट्टीचा आवाज एवढा असायचा की वाळवणीच्या खोलीत कुणी गायलं तरी अंगणात कळत नसे. तिथे त्या तिघी प्रार्थना करत. भट्टीवाली, इस्त्रीवाली, अक्का. निळवाली आणि मी दाराशी चादर धरून उभ्या, पिळतोय असं दाखवत. वेदीचं वस्त्र, पेला आणि पुस्तक ठेवायला जागा नव्हती, तेव्हा अक्काने तुम्हाला विचारलं. तुम्ही खोलीच्या जमिनीत, भिंतीकडच्या टोकाला, फळ्यांचं झाकण करून दिलंत. खिळा दिसत नव्हता, सांधा दिसत नव्हता, पाय पडला तरी पोकळ वाजत नव्हतं. बाप्तिस्मा नसताना, पकडले जायची भीती असताना केलंत. हे मी विसरलेले नाही. तुमच्या नावावर जे जमा आहे ते मी कापत नाही.

मग तो दिवस. चौकीचे साहेब आले ते ओल्या बुटांनीच. मागून शिपाई. त्यांनी गाठोडी सोडली नाहीत. भट्टीत डोकावले नाहीत. खळीच्या पातेल्यात काठी घातली नाही. कुणालाही सगळ्यात आधी सुचेल असं काही त्यांनी केलं नाही. साहेब सरळ वाळवणीच्या खोलीत, सरळ भिंतीकडच्या टोकाला. कपडे वाळवायची घोडी पायाने सरकवली, वाकले, आणि चाकूचं टोक बरोबर त्या सांध्यात घातलं. झाकण उघडलं तर त्यांनी त्याच्या कडेवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "सुताराचं काम सुबक आहे."

ते एवढंच म्हणाले. अक्का माझ्या शेजारी होती. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हातावरची खळ पुसली, एकेक बोट करून.

अंगणात इस्त्रीचं मेज आणलं. त्यावर वेदीचं वस्त्र पसरलं, आणि निखाऱ्यांनी भरलेली मोठी इस्त्री बाजूला ठेवली. साहेब म्हणाले, जी बाई ही इस्त्री या कापडावर ठेवून जळेपर्यंत धरील ती घरी जाईल. बाकी काही लिहून नको, बोलून नको. आणि मुकादमाला सांगितलं, प्रार्थना करणाऱ्या त्या तिघींची हजेरी घे.

"भट्टी!" मुकादमाचा आवाज फाटला होता.

भट्टीवाली पुढे झाली. दिवसभर मुकादमाला शिव्या द्यायची आणि संध्याकाळी देवाकडे सगळ्यांची एकदम माफी मागायची, असली ती बाई. भीतीने एक चप्पल मागेच राहिली होती, तिला कळलं नव्हतं. म्हणाली, "माझं काम इस्त्रीचं नाही, भट्टीचं आहे." शिपाई हसले. तशी ती वळून म्हणाली, "हसू नका. इस्त्रीचं असतं तरी केलं नसतं. नाहीतर उद्या म्हणाल, म्हातारी कामावरून वाद घालून सुटली." आणि भिंतीकडे जाऊन उभी राहिली, सांगायच्या आधीच.

"इस्त्री!"

ही पोरगीच होती, माझ्याहून थोडी मोठी. तिच्या हातून आयुष्यात एक कॉलर करपली नव्हती आणि तिला त्याचा केवढा तोरा. ती पुढे गेली आणि तिने इस्त्री उचलली. दाजी, मला वाटलं, गेली ही. तिने बोट जिभेला लावलं, तळाला टेकवलं, चर्र झालं. रोज करायची तसं. मग इस्त्री परत ठेवली आणि म्हणाली, "फार तापलीय, साहेब. कापड जळेल."

"जाळायचंच आहे."

"मग दुसरी कोणी बघा. मला ते येत नाही."

साहेबांनी तिला तोंडावर मारलं. ती पडली, उठली, आणि भट्टीवालीशेजारी जाऊन उभी राहिली. ओठ फुटला होता, तर वस्त्रावर रक्त सांडू नये म्हणून लांबून वळसा घेऊन गेली. हे तुमच्या भाषणात घाला. तुमच्या त्या 'हसतमुखाने' या शब्दाच्या जागी.

"खळ!"

आणि अक्का म्हणाली, "हजर." एकदाच हाक मारावी लागली. मी तिचा तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता. भट्टी बंद होती म्हणून असेल, पण सगळ्या अंगणाला ऐकू गेला.

साहेब तिच्याशी गोड बोलायला लागले. इतरांशी बोलले नव्हते. जवळ येऊन, हळू. मी चादरीचं टोक धरून तिच्या मागेच उभी होते, म्हणून मला ऐकू आलं, आणि निळवालीला. म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला मी शब्द दिलाय. संध्याकाळी तू घरी असशील. तो म्हणाला, तू ऐकणारी बाई आहेस. जरा हात लाव इस्त्रीला आणि जा."

अक्काने वस्त्राकडे बघितलं. इस्त्रीकडे बघितलं. म्हणाली, "नाही."

तुम्ही तिच्या तोंडून हा शब्द कधी ऐकला होता का? मी नव्हता ऐकला.

साहेबांनी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाली, "त्यांना सांगा, वाट पाहू नका."

हे तिचं तुमच्याविषयीचं शेवटचं बोलणं. क्षमा होती का त्यात, मला माहीत नाही. शिपायांना ती म्हणाली, देव तुम्हाला क्षमा करो. मुकादम रडत होता, त्याला म्हणाली, तुमचा दोष नाही. तुमच्यासाठी एवढंच, वाट पाहू नका. त्यात काय भरायचं ते तुम्ही आणि देव बघा. पण भाषणात लिहून मंडळीला विकू नका.

धुलाईघराच्याच गाडीत तिघींना चढवलं, मळक्या गाठोड्यांच्या जागेवर. माझ्याजवळून जाताना अक्काने माझं मनगट पकडलं. खळ वाळून तिची बोटं खरखरीत झाली होती. म्हणाली, "पोरीला कळू देऊ नकोस. आई जातेय, बाप तरी राहू दे तिला." भट्टीवालीने गाडीत गाणं सुरू केलं, बेसूर. दगडाच्या खाणीकडच्या वळणापर्यंत ऐकू येत होतं. मग गोळ्यांचे आवाज. सगळ्या अंगणाने ऐकले. वस्त्र मेजावरच राहिलं होतं, ते मी चादरींच्या घडीत दडवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम अंगणात आला आणि सवयीने ओरडला, "भट्टी!" मग त्याच्या लक्षात आलं आणि तो तोंड उघडं ठेवून तसाच उभा राहिला. फाटकात शिपाई होता, बंदूक घेऊन. आणि निळवाली, जी आयुष्यात कुणाच्या अध्यात ना मध्यात, ती म्हणाली, "हजर." मुकादमाने तिच्याकडे बघितलं, फाटकाकडे बघितलं, आणि पुढची हाक मारली. "इस्त्री!" दोघीतिघी एकदम म्हणाल्या. "खळ!" ती हाक मी घेतली. मी, जिचं नाव हजेरीतच नव्हतं. शिपायाला काही समजलं नाही. त्याला वाटलं, माणसं पुरी आहेत.

ही आपली हजेरी. बंदी उठल्यावर ती प्रार्थनाघरात आली, आणि आता पाळक तिला विधी म्हणतात. विधी नव्हे तो. बंदुकीपुढे बोललेलं खोटं आहे, देवाने खरं करून घेतलेलं.

तुम्ही त्या संध्याकाळी माझ्या दारात आला होतात. पोर माझ्या कडेवर होती. तुम्ही चौकटीला धरून उभे राहिलात आणि म्हणालात, "मला वाटलं ती घाबरेल."

तुम्ही दुसरं काही म्हणाला नाहीत, ना तेव्हा, ना नंतर.

तुम्हाला चौकीत नेलं होतं, हे मला माहीत आहे. बोटांवर बूट ठेवला असेल. सुताराची बोटं. भ्यालात, त्याचा मला राग नाही. भट्टीवालीही भ्यालेली होती. राग त्या वाक्याचा आहे. एवढी वर्षं एका पांघरुणात झोपलात आणि तुम्हाला वाटलं, ती घाबरेल, कापड जाळेल, घरी येऊन स्वयंपाकाला लागेल. तुमच्या हिशेबात तिच्याजवळ जाळायला नकार देण्याजोगं काही नव्हतंच.

आणि राग त्यापुढचा. बाप तरी राहू दे म्हणून मी गिळून बसले, आणि तुम्ही वर्ष सरायच्या आत दुसरं लग्न करून दुसऱ्या गावी. पोर माझ्या पदरात. ती विचारायची, बाबा का येत नाहीत, मी म्हणायचे, काम फार आहे. मग ती मोठी झाली, बंदी उठली, लोक अक्काला देवासाठी जीव दिलेली, रक्तसाक्षी म्हणू लागले, आणि तुम्हाला लेक आठवली. पुढच्या बाकावर बसलात. येणाऱ्या प्रत्येक पाळकाने उठून तुमचा हात हातात घेतला. 'त्या बाईचा नवरा.' तुम्ही मान खाली घालत होतात, लोकांना वाटायचं दुःख. मी मागच्या बाकावरून तुमच्या मानेकडे बघत बसायचे. दर वर्षी वस्त्र मी धुते, मी खळ देते, मी इस्त्री करते, आणि ते हातात धरून फोटोत तुम्ही.

पोर दर वर्षी आईच्या हाकेला हजर म्हणायची आणि मग तुमच्याकडे वळून बघायची. ते बघणं मी सहन केलं. शब्द दिला होता.

गेल्या थंडीत पोरीला पुरलं. तुम्ही फुलांचं चक्र घेऊन आलात. माती टाकताना मी मनात म्हटलं, अक्का, तुझ्या लेकीला कळू दिलं नाही. आता शब्द फिटला. नातीबद्दल तू काही बोलली नव्हतीस.

पाळक म्हणतील, क्षमा कर. नात म्हणेल, म्हातारा माणूस आहे. अक्का असती तर तिनेही कदाचित तेच म्हटलं असतं, ती त्या मापाची होती म्हणूनच तिचं नाव दगडावर जाणार. माझं नाव कुणी कोरणार नाही. मी कपडे धुणारी बाई आहे, आणि मला हवं ते मी सांगते. मला तुम्ही उभे राहिलेले बघायचे आहेत. मरायच्या आधी, सगळ्या मंडळीपुढे. ते बघून मला बरं वाटणार आहे. हे पाप असेल तर मी वर जाऊन त्याचा जाब देईन, तिथे ओळखीच्या तिघी आहेत.

तर ऐका. भाषण नको. पेटी नको. वस्त्र जुन्या पिशवीतच राहील. निळवाली गेल्यापासून हजेरी मी घेते, हे तुम्हाला माहीत आहे, आणि जोवर उभी राहू शकते तोवर मीच घेणार. पाळकांना तसं सांगितलंय. नातीला अजून काही सांगितलेलं नाही. ती तुमच्या शेजारीच बसणार आहे, तिने तुमचा इथे राहिलेला कोट घासून ठेवलाय.

आला नाहीत तरी हाक मारीन. उत्तर आलं नाही तर लोक विचारतील, आणि मग मी सांगेन, माझ्या भाषेत. माझी भाषा तुम्हाला माहीत आहे. आलात तर तुमच्या तोंडाने सांगा. किती सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण सुरुवात त्या फळीच्या सांध्यापासून करा.

भट्टी ही हाक तिचा नातू घेईल. इस्त्रीच्या घरचं कुणी उरलं नाही, ती सगळ्यांनी मिळून घ्यायची. खळ ही हाक आपली नात घेईल, तुम्ही नाही. मग लोक बसायला लागतील, कारण हजेरी तिथेच संपते. मी बसणार नाही. मी चौथी हाक मारीन, "सुतार!" त्या दिवशी तुम्हीही होतात, हे सांध्यातून आत गेलेल्या चाकूइतकं खरं आहे. त्या हाकेला नातीने उत्तर द्यायचं नाही, पाळकांनी द्यायचं नाही, मंडळीने मिळून द्यायचं नाही. तुम्ही द्यायचं, उभं राहून, आणि एका हाकेत.

घडीवाली